गिअरबॉक्समधली वरची धार

आमच्या सूनबाईंच्या गाडीचा गिअरबॉक्स ट्रॅकवर का तापत होता, याविषयी आमच्या पणदरे गावापासून इंदापूरपर्यंत आज निदान चार हकिकती प्रचलित आहेत. पहिलीनुसार मी बॉनेट उघडून नुसता वास घेतला आणि दोष सांगितला. दुसरीनुसार पुण्याहून आलेल्या एका मेकॅनिकने तो आधीच सांगून ठेवला होता. तिसरी बारामतीच्या स्पेअर पार्टवाल्या शेठची आहे; तिच्यात चहाचा दुसरा कप संपायच्या आत शेठने सगळे ओळखले आणि मी फक्त पाना फिरवला. चौथी हकिकत माझ्याच घरातून निघाली असून ती सर्वांत धोकादायक आहे, कारण ती सांगणारी व्यक्ती माझी पत्नी आहे आणि तिच्याकडे रोज सकाळी दूध न्यायला अर्धे गाव येते.

या चारही हकिकती खोट्या आहेत. पहिली माझी स्तुती करते, तरीही खोटी आहे. किंबहुना तिचाच मला अधिक राग येतो. तंत्रशाळेत मी हयातभर मुलांना वाहनदुरुस्ती शिकवली, ती वास घेऊन नव्हे. वासावरून दोष सांगणारा मनुष्य एकदा बरोबर येतो आणि त्या एका वेळेच्या जोरावर पुढे दहा गाड्या बिघडवतो. तेव्हा जे घडले ते क्रमाने लिहून ठेवतो.

सूनबाईंचे माहेर वडगाव निंबाळकरचे. उसाची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर अरुंद बांधावर मागे घ्यायला त्या लग्नाआधीच शिकल्या होत्या, आणि ज्याला हे साधते त्याला वाहन साधले असे मी समजतो. आमच्या घरी आल्यावर दुधाची गाडी त्यांनीच हाती घेतली. पुढे लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीपलीकडे एका हौशी मालकाने आपल्या माळावर डांबरी वळणांचा ट्रॅक बांधला आणि तिथे साध्या मोटारींच्या शर्यती होऊ लागल्या. सूनबाई एकदा बघायला म्हणून गेल्या. महिन्याभरात आमची जुनी छोटी मोटार मागची सीट काढून अंगणात उभी होती.

त्यांना पहिला नंबर हवा होता असे लोक समजतात. तसे नव्हते. शर्यत बारा फेऱ्यांची असे, आणि त्या मोसमात एकाही शर्यतीत त्यांची गाडी बारावी फेरी पुरी करू शकली नव्हती. पाच-सहा फेऱ्या झाल्या की तिसरा गिअर पडायला नकार देई, खालून जळक्या तेलाची वाफ येई आणि त्यांना बाहेर यावे लागे. "आबा, हरले तर हरले," त्या मला म्हणाल्या होत्या, "पन एकदा तरी शेवटपर्यंत पळवायचीय. दर बारीला अर्ध्या वाटंतनं घरी येती मी. लोकं आता नंबर इचारीत न्हाईत, कितव्या फेरीला थांबली ते इचारत्यात."

शेवटच्या शर्यतीआधीच्या रविवारी सरावात पुन्हा तेच झाले, आणि या वेळी तेलाचे थेंब डांबरावर पडले. ट्रॅकवर तेल पडणे ही गंमत नव्हे; मागून येणारी गाडी त्यावरून घसरते. पंचांनी सूनबाईंना बोलावून ताकीद दिली की पुन्हा एक थेंब पडला तर गाडी बाहेर, आणि पुढच्या मोसमातही प्रवेश नाही. म्हणजे हाती एक आठवडा होता.

त्याच ठिकाणी पुण्याचा तो मेकॅनिक उभा होता. त्याने गाडीखाली मान घालून पाहिले आणि निकाल दिला, "बेअरिंग गेलंय. बॉक्स उतरवा, खोला." खोलणे, सुटे भाग मिळवणे, जोडणे यात पंधरवडा गेला असता. आज तो सांगतो की तेल तपासायला त्यानेच सांगितले होते. तेलाविषयी तो बोलला हे मान्य. परंतु त्याचे शब्द "तेल बघत जा, कमी पडू देऊ नका" असे होते. या वाक्याने आमचे केवढे नुकसान केले ते पुढे येईलच. आमच्या चिरंजीवांनी ते वाक्य ऐकले आणि तिथल्या तिथे डिकीतला तेलाचा डबा काढला.

"थांब," मी म्हणालो. "आत किती आहे ते न पाहता तू ओततो आहेस."

"आबा, तेल सांडतंय म्हंजी कमी झालंय. कमी झालंय म्हंजी टाकायला पायजे. ह्यात शिकवन्यासारखं काय हाय?"

"सांडणारे भांडे रिकामे असते, हे तुला कोणत्या शाळेत शिकवले?"

"तुमच्याच," चिरंजीव म्हणाले, आणि आजूबाजूची मंडळी हसली. हे उत्तर हजरजबाबी होते, बरोबर नव्हते. परंतु डबा मी काढून घेतला.

येथे वाचकांसाठी थोडे स्पष्ट करतो. गिअरबॉक्सच्या बाजूला एक बोल्ट असतो. गाडी सपाट जागी, थंड असताना तो काढला आणि तेल त्या भोकाच्या काठाला नुसते टेकलेले दिसले की माप पुरे. हा बोल्ट डाव्या चाकामागे असून तिथपर्यंत पोहोचायला गाडीखाली झोपावे लागते, आणि आमच्या चिरंजीवांना झोपण्यासाठी ती एक जागा सोडून सर्व जागा पसंत आहेत. म्हणून ते वरून, रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच काढून त्या भोकात नळी घालून तेल ओतत. वरून ओतणाऱ्याला आतले माप कधीच दिसत नाही. दिवाळीनंतर मी स्वतः गाडीखाली झोपून तेल काठाला टेकवले होते आणि बोल्ट आवळला होता. त्यानंतर कोणी त्यात हात घालण्याचे कारण नव्हते.

सोमवारी सकाळी मी घरात जाहीर केले की गाडीला माझ्या परवानगीवाचून कोणी स्पर्श करायचा नाही. निदानाचा नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट तपासावी, आणि तपासताना काहीही बदलू नये. तंत्रशाळेत हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवत असे आणि मुले त्याखाली माझे चित्र काढत.

प्रथम बेअरिंगचा आरोप घेतला. बेअरिंग गेले असते तर गाडी सावकाश चालवतानाही घरघर ऐकू आली असती. मी सूनबाईंच्या शेजारी बसून पणदऱ्याच्या रस्त्याने रिकाम्या गिअरमध्ये, दुसऱ्यात, तिसऱ्यात, कान देऊन फिरलो. काही नाही. "आवाज फक्त माझाच येतोय," सूनबाई म्हणाल्या, कारण त्या मला सतत काहीतरी विचारत होत्या. तेव्हा बेअरिंग निर्दोष सुटले.

मग गळतीचा प्रश्न. तेल कुठून बाहेर येते हे कोणी पाहिलेच नव्हते. ते बाहेर येते एवढ्यावरच सर्वांचा संसार चालला होता. मी गिअरबॉक्स बाहेरून रॉकेलने स्वच्छ धुतला, पुसला आणि त्यावर पावडर फासली. तोंडाला लावायची पावडर. कोरड्या पावडरीवर तेलाचा पहिला ओघळ जिथून सुरू होतो तीच गळतीची जागा. हा जुना आणि निर्मळ उपाय आहे. पावडर सूनबाईंची होती.

"आबा, लग्नातबी एवढी लावली न्हवती मी," त्या गाडीखाली वाकून म्हणाल्या. "आता हिला काजळ घाला म्हंजी झालं."

बुधवारी दुपारी ट्रॅक रिकामा होता आणि मालकांनी आम्हांला परवानगी दिली. त्या दिवशी बारामतीहून शेठही आले. शेठ माझ्याच वयाचे. त्यांच्या वडिलांच्या दुकानातून मी माझा पहिला पाना घेतला होता. माझ्याशी वाद घालण्याची संधी सोडायची नाही असा त्यांचा नेम आहे, आणि तो ते माझ्याइतक्याच निष्ठेने पाळतात. माझ्याकडे लांबून उष्णता मोजण्याचे पिस्तुलासारखे यंत्र आहे. पाच फेऱ्या झाल्यावर सूनबाई आत आल्या, मी गाडीखाली यंत्र धरले, आणि आकडा एकशे चाळीसच्या पुढे गेला.

"मास्तर," शेठ म्हणाले, "तुमच्या बंदुकीनं पेशंटला ताप हाय एवढं कळलं. ते तर हात लावूनबी कळलं असतं. औषधाचं बोला."

"हात लावून बघा, म्हणजे औषध आधी तुम्हांला लागेल."

मग मी पावडर पाहिली. खालच्या सर्व जागा, जिथे तेल अडवणारी रबरी सील असतात, तिथे पावडर कोरडी होती. ओघळ सुरू होत होता तो सर्वांत वरून. गिअरबॉक्सच्या माथ्यावर आतली हवा सोडण्यासाठी एक लहानशी टोपी असते, तिच्या तोंडातून. आणि त्या टोपीभोवती जमले होते ते नुसते तेल नव्हते, तो फेस होता. फिकट, बारीक बुडबुड्यांचा, नुकत्या काढलेल्या दुधावर असतो तसा.

त्याच क्षणी मला उत्तर कळले, आणि ते नाकाने नव्हे, डोळ्यांनी कळले. गिअरच्या दात्यांनी तेलाला ओझरता स्पर्श करून जावे, त्यात बुडून पोहू नये. तेल जास्त असले की दाते ते घुसळतात. घुसळले की हवा मिसळते, फेस होतो आणि तेल तापते. तापले की फुगते, आणि वरच्या तोंडातून बाहेर पडते. गावातल्या रस्त्यावर हे कळतही नाही. ट्रॅकवर इंजिन फेरीमागून फेरी पूर्ण वेगात फिरते, तिथे गिअरबॉक्सचे ताक होते. फेसाळलेले तेल दात्यांना नीट वंगणही देत नाही, म्हणून तिसरा गिअर अडत होता. आणि आमची मंडळी बाहेर सांडलेले तेल पाहून आत आणखी तेल ओतत होती.

मी हे सांगितले तेव्हा चिरंजीव म्हणाले, "मग उघडा की बोल्ट आत्ता. कळंल खरं-खोटं."

"आत्ता नाही. गरम आणि फेसाळलेले तेल खोटी पातळी दाखवते. उद्या, थंड झाल्यावर."

"म्हंजी अजून एक दिस गेला!"

"एकशे चाळीस अंशांचा फेस तुझ्या अंगावर घ्यायचा असेल तर पाना देतो."

शेठच्या हकिकतीतला चहा या ठिकाणी येतो. चहा झाला हे खरे आहे. दुसरा कप झाला हेही खरे आहे. परंतु त्या दोन कपांच्या दरम्यान शेठ क्लचविषयी बोलत होते, आणि क्लचचा या प्रकरणाशी माझ्या पगडीइतकाही संबंध नव्हता. मी पगडी घालत नाही.

गुरुवारी सकाळी गाडी अंगणात, फरशीच्या सपाट भागावर घेतली. सगळे जमले, शेठ तर दुकान उघडण्याआधी बारामतीहून आले. आपण चुकलो हे पाहायला मनुष्य एवढ्या लांब येत नाही, त्यांना मी चुकलेला पाहायचा होता. मी गाडीखाली झोपलो. बोल्टाची कडा गंजली होती, ती घासली, पाना बसवला. चिरंजीव शेजारी तेलाचा डबा आणि नळी घेऊन तयार उभे होते, इतका त्यांचा स्वतःवर विश्वास. बोल्टाचा शेवटचा आटा सुटला आणि अंगठ्याएवढी जाड धार माझ्या बाहीवर, मानेवर आणि फरशीवर आली.

"भांडं आणा!" मी ओरडलो.

हाताशी दुधाचे भांडे होते. ते भरले. दुसरे आणावे लागले. मग धार बारीक होत होत थेंबांवर आली. जेवढे तेल आत असायला हवे त्याच्या निम्म्याहून अधिक वर होते.

"आता सांगा," मी गाडीखालूनच म्हणालो, "हे कोणाचे?"

चिरंजीवांनी खाली पाहत कबुली दिली. ट्रॅकवर जायचे म्हणून सुरुवातीला "वर थोडी" घातली होती. मग सांडले, म्हणून पुन्हा. मग पुण्याच्या मेकॅनिकचे वाक्य ऐकून सोमवारी, माझ्या मनाईनंतर, आणखी एकदा. शेठ घसा खाकरून म्हणाले, "मागल्या शुक्रवारी नमाज झाल्यावर मी आलो होतो न्हवं? दुकानात डब्याच्या तळाला उरलं होतं. म्हटलं सुनेच्या गाडीला घालावं. मोकळ्या हातानं आलो तर कसं दिसतं?"

तरीही भांड्यांतले तेल या दोघांच्या हिशेबाहून जास्त होते. चिरंजीव माझ्याकडे पाहू लागले. उरलेले तेल मीच ओतले हा आरोप मी येथे नोंदवतो, कारण तो अजूनही कुजबुजला जातो, आणि येथेच फेटाळतो. कारण दारातून त्याच क्षणी उत्तर आले.

"मी वतलं," पत्नी म्हणाली. हातात दुधाचे माप होते. "दोनदा. त्या वरच्या भोकातनं, त्यो वततो तसंच."

"तू? गिअरबॉक्समध्ये?"

"मग? सून एवढ्या लांब पळवती, आन तुमी मोजून देताय! अवो, परक्या मानसाला दूध घालताना माप झाल्यावर वर धार घालत्यात. आन घरच्या सुनंला काय काठोकाठ मोजून? मला न्हाय बरं दिसलं ते."

आता यावर तांत्रिक उत्तर काय देणार? आमच्या घरी रतिबाच्या दुधाला हा रिवाज माझ्या आईच्या काळापासून आहे. लिटरचे माप पुरे झाले की वर एक धार, न मागता. ज्याच्या भांड्यात वरची धार पडत नाही, त्याला आपण त्या घरी नकोसे झालो असे वाटते. चिरंजीव त्याच धारेखाली वाढले, शेठ त्याच घरचे दूध प्यायले. कोणीही निष्काळजीपणा केला नव्हता. सर्वांनी मिळून, एकमेकांना न सांगता, सूनबाईंचा पाहुणचार केला होता.

सूनबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. "आत्या," त्या पत्नीला म्हणाल्या, "म्हंजी मी लाडानं बंद पडत होते व्हय?"

शनिवारी तळाचा बोल्ट उघडून जळके तेल पूर्ण काढले; त्या बोल्टाच्या चुंबकाला बारीक करडी भुकटी होती, धातूचे कण नव्हते, म्हणजे बेअरिंग दुसऱ्यांदा निर्दोष सुटले. मग तो बोल्ट आवळून नवे तेल भरले. पद्धत अशी की बाजूचा बोल्ट उघडा ठेवायचा, वरून ओतायचे, आणि बाजूने थेंब आला की थांबायचे. थेंब आला. मी "पुरे" म्हणालो. पत्नी जवळच उभी होती; तिच्या चेहऱ्यावर अशी काही रुखरुख होती की जणू आपण पाहुण्याला अर्ध्या पानावरून उठवतो आहोत. मी क्षणभर विचार केला आणि डबा तिच्या हाती दिला.

"घाल. एकच."

"खरंच?"

"बोल्ट उघडा आहे. घाल."

तिने वरची धार घातली, सावकाश, दुधासारखीच, मनगट शेवटी किंचित वर उचलून. ती धार वरून आत गेली आणि बाजूच्या उघड्या भोकातून तेवढीच बाहेर, खाली ठेवलेल्या वाटीत आली. थेंब थांबले, तेल काठाला टेकले, मी बोल्ट आवळला. मग वरच्या स्विचला तार गुंडाळून गाठ मारली, कारण विश्वास एक गोष्ट आहे आणि पणदरे दुसरी.

रविवारी शर्यत सुरू झाली तेव्हा ध्वनिक्षेपकावर निवेदक तोच होता जो आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यतींना असतो, त्यामुळे मोटारींनाही तो खिलार बैलांसारखीच हाक देत होता. पाचवी फेरी झाली. सहावी झाली. मी तिसऱ्या गिअरचा आवाज ऐकत कठड्याशी उभा होतो. तो दर वळणानंतर स्वच्छ पडत होता. आठव्या फेरीला शेठ माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "मास्तर, क्लच चांगला चाललाय." दहाव्या फेरीला पत्नीने विचारले, "थांबली का?" मी म्हणालो, "नाही." अकराव्याला तिने पुन्हा विचारले आणि माझे उत्तर ऐकायच्या आत डोळे मिटून घेतले.

"आनि ही आली, ही आली पणदऱ्याची सून!" निवेदक ओरडला. "पाचवी आली, पन पुरी आली! आज अर्ध्या वाटंतनं घरी गेली न्हाय!"

सूनबाई गाडी लावून उतरल्या. पंचाने पांढरे फडके घेतले, खाली वाकून गिअरबॉक्सवरून फिरवले आणि उलगडून सर्वांना दाखवले. फडके धुळीने मळले होते. तेलाचा डाग नव्हता. मी यंत्र धरले, आकडा शंभराच्या आत होता. तो मी मोठ्याने वाचला, परंतु तेव्हा कोणी ऐकत नव्हते. सूनबाईंनी हेल्मेट काढून पत्नीच्या डोक्यावर घातले होते आणि दोघी काय बोलत होत्या ते कोणालाच कळत नव्हते.

येथे हकिकत संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाला आलेल्या लोकांना पत्नी सांगत होती, "ह्यांनी समदं मोजून-मापून केलं, पन शेवटी माझी वरची धार पडली तवा गाडी पुरी पळाली." आणि लोक माना डोलावत होते. आज ही हकिकत इंदापूरच्या बाजारात सांगितली जाते, आणि माझ्याच तंत्रशाळेचा एक जुना विद्यार्थी ती मला ऐकवून गेला.

म्हणून हे लिहून ठेवतो. ती धार गिअरबॉक्समध्ये राहिली नाही. ती माझ्या डोळ्यांदेखत बाहेर आली, वाटीत पडली, आणि त्या वाटीतले तेल मी स्वतः गोठ्याच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना घातले. तेव्हापासून फाटक करकरत नाही. तेवढे श्रेय पत्नीला द्यायला माझी हरकत नाही.